थोरल्यांचे डोळे

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या आणि देवीच्या टाकांमागे, भिंतीला टेकून, पोस्टकार्डाएवढा तांब्याचा एक पत्रा उभा आहे. त्याला घरात सगळे 'थोरले' म्हणतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी थोरल्यांच्या पाया पडायला लावलं, मग खंडोबाच्या, मग देवीच्या आणि शेवटी स्वतःच्या. मानाचा क्रम तसाच होता. पत्र्यावर एका माणसाचा चेहरा होता. भरघोस दाढी, जाड भुवया, डोक्याला घट्ट बांधलेला फेटा. हा आपला मूळपुरुष, देवळ्याकडच्या जमिनी यानेच मिळवल्या, असं मला सांगण्यात आलं.

टाक म्हणजे मागून ठोकून उठवलेला पत्रा. थोरले तसे नव्हते. त्यांचा चेहरा केसाएवढ्या बारीक रेघांनी कोरलेला होता, आणि त्या रेघा मी पहिल्याच दिवशी ओळखल्या. मी चित्रकलेची शिक्षिका. कॉलेजात एचिंग शिकले होते आणि त्यातच माझा जीव अडकलेला होता. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि डांबराचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं. सुई जिथे फिरते तिथलं तांबं उघडं पडतं. मग पत्रा अ‍ॅसिडात सोडायचा. अ‍ॅसिड उघड्या रेघा तेवढ्या खातं. थर काढून टाकायचा, रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून प्रेसच्या रुळाखालून काढायचा. कागदावर येतं ते चित्र, आणि तेही उलटं. डावं उजवीकडे. पत्रा हा नुसता साचा, तो कुणी बघावा म्हणून केलेला नसतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोक साच्याच्याच पाया पडत होते.

हे ज्ञान मी नव्या नवरीच्या उत्साहात सासूबाईंना दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला लसूण सोलायला बसवलं.

रेघांची धाटणी एकोणिसाव्या शतकातली होती, एवढं मी छातीठोक सांगू शकते. बाकी सगळा अंदाज. त्या काळी साहेब लोक एकमेकांची चित्रं अशी छापून घेत. आमच्या कुणा पूर्वजाने तो पत्रा लिलावात घेतला असेल, नाहीतर तांबट आळीत मोडीच्या ढिगात त्याला सापडला असेल. दाढी आणि फेटा बघून त्याला आपला बाप आठवला असेल. मूळपुरुष मिळायला माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

थोरल्यांचं खरं काम कौल देण्याचं. जमीन विकायची, मुलाला शहरात धाडायचं, सोयरीक जमवायची, काहीही ठरवायचं असलं की घरातला कर्ता माणूस सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभा राहायचा. पडदे ओढून खोलीत अंधार करायचा. प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि हातातलं निरांजन थोरल्यांच्या तोंडापुढून डावीकडून उजवीकडे न्यायचं. थोरल्यांनी डोळे उघडले तर हो. मिटलेलेच ठेवले तर नाही. कौल एकदाच घ्यायचा, पुन्हा विचारायचं नाही.

मी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. काळपट चेहऱ्यात दोन डोळे एकदम उघडले, खोलीभर बघितलं आणि मिटले. नंतर धीर करून मी पत्रा नीट न्याहाळला. बाकी चेहऱ्यावर रेघांची दाटी होती आणि डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत ठिपके सोडलेले होते. ज्योत बरोबर कोनात आली की ते ठिपके लकाकायचे. हात जरा वर धरला तर थोरले बघायचे, जरा खाली धरला तर नाही. म्हणजे ज्याचा हात त्याचा कौल. नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असेल तसं. पण दादांना सांगू नकोस." माझ्या नवऱ्याचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत मावतं. आमच्या लग्नालाही थोरल्यांनीच होकार दिला होता, त्याबद्दल माझी त्यांच्याकडे अधूनमधून तक्रार असते.

दादा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणते. ते निरांजन कायम छातीशी धरत. भित्र्या माणसाचा हात आपोआप खाली राहतो. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत थोरल्यांनी बहुतेक वेळा डोळे मिटूनच ठेवले. मामंजींची धाकटी बहीण मनमाडच्या एका रेल्वेतल्या माणसाशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हाही. तिने ऐकलं नाही आणि लग्न केलं. मामंजींनी तिच्या घराची पायरी चढणं सोडलं. तिचा नवरा वारला तेव्हासुद्धा ते गेले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं.

सासूबाई गेल्या, आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो, मी निवृत्त झाले आणि एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मालकाकडून लहानसा प्रेस आणून बाल्कनीत बसवला. इतर लोक तिथे वॉशिंग मशीन ठेवतात. थोरले मात्र झिजत चालले होते. दर सणाला चिंच आणि राख लावून त्यांना घासायचं ही या घराची निष्ठा. देव लख्ख दिसला पाहिजे. तांब्यावरच्या बारीक रेघा किती वर्षं टिकणार? आधी भुवया गेल्या, मग दाढी विरळ झाली. शेवटी सगळा पत्राच आरशासारखा चमकायला लागला. निरांजन धरलं की कपाळ, गाल, डोळे सगळं एकदम लकाकायचं, आणि त्यात डोळे कुठले हे कळेना. मामंजी म्हणायला लागले, "थोरले आता बोलत नाय."

त्याच सुमारास मामंजींचे स्वतःचे डोळे जायला लागले. एक आधीच गेला होता. मोतीबिंदू पिकून पिकून आत दाब वाढला, कौल मिळेना म्हणून ते थांबले, आणि तो डोळा कायमचा विझला. आता दुसरा त्याच वाटेवर होता. द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "साधं ऑपरेशन आहे. पण पहिल्यासारखे थांबलात तर हाही जाईल आणि मग मला काही करता येणार नाही." घरी येताना रिक्षा द्वारकेच्या गर्दीत अडकली होती तेव्हा मी मामंजींना तेच शब्द ऐकवले.

"थोरल्यांना विचारल्याबिगर नाय," ते म्हणाले.

"ते बोलत नाहीत म्हणता ना?"

"बोलतील तवा बघू."

"मामंजी, थोरल्यांना काही झालेलं नाही. पडदा तुमच्या डोळ्यावर आहे."

"मग त्यो पडदा सारून दाखव," ते म्हणाले, आणि बाहेर बघत बसले. बाहेर त्यांना काय दिसत होतं देव जाणे.

मला रागही आला आणि रडूही आलं. हा माणूस माझ्याशी कधी मोठ्या आवाजात बोललेला नाही. शाळेतून यायला उशीर झाला की कुकर लावून ठेवायचा. तो असा आपणहून अंधारात चाललेला मला बघवत नव्हतं. आणि मग मला एक गोष्ट सुचली, जी या घरात माझ्याशिवाय कुणाला सुचली नसती. तांब्यावर त्यांना काही दिसत नव्हतं, पण पांढऱ्या कागदावरचं काळं अजून दिसत होतं. उन्हात भिंग धरून ते पेपरातले मथळे वाचायचे. थोरल्यांना कागदावर आणायचं. डोळ्यांच्या जागा कोऱ्या आहेत, म्हणजे छापल्यावर तिथे पांढरं राहणार, काळ्या चेहऱ्यात दोन टपोरे पांढरे डोळे. हाच होकार.

मामंजी कबूल झाले. "शाई लावशील त्यांना?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी स्वतः थोरल्यांना देव्हाऱ्यातून उचललं, कपाळाला लावलं आणि बाल्कनीत माझ्या हाती दिलं. मग प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहिले.

आधी पत्रा स्वच्छ करायला हवा होता. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन मी रेघा उकरल्या. आतून काळसर तांबडा लगदा निघत राहिला. कुंकू, तूप, राख, कितीतरी बायकांच्या हातचं. पत्र्याच्या कडेला आणि डोळ्यांच्या खाली तो सर्वांत घट्ट बसला होता. मामंजींनी तो फेकू दिला नाही, वाटीत जमा करून तुळशीत घातला. मग मी पत्रा कोमट करून शाई भरली, जाळीच्या कापडाने पुसली, ओलसर कागद ठेवला, वर जाड लोकरी कापड घातलं आणि चाक फिरवलं. झिजलेल्या पत्र्यावर रूळ फिरला की उरल्यासुरल्या रेघाही दबतात. दुसरा छाप निघेलच याची खात्री नव्हती.

कागद मी दाढीच्या बाजूने उचलला. दाढीवरून एक पट्टी आडवी गेलेली दिसली. पत्र्यावर मी ती कधी पाहिली नव्हती, ती कुंकवाखाली होती. कागद आणखी उचलला. ती पट्टी हनुवटीखालून निघून कानाजवळून वर जात होती आणि डोक्यावर तिची गाठ मारलेली होती. फेटा नव्हताच. मग डोळे आले. ज्या दोन कोऱ्या जागा आम्ही डोळे समजत होतो त्या पापण्या होत्या. त्यांच्या खालच्या कडेला केसांची बारीक रांग होती, एक एक केस वेगळा काढलेला. डोळे मिटलेले होते. आणि तो झोपलेला माणूस नव्हता, कारण झोपलेल्या माणसाची हनुवटी कुणी बांधत नाही.

मी घाबरले. दिवसाढवळ्या, खाली भाजीच्या गाडीचा भोंगा वाजत असताना, स्वतःच्या बाल्कनीत मला हातातला कागद टाकून द्यावासा वाटला. कुणीतरी या माणसाच्या उशाशी बसून, तो थंड होत असताना, शेवटचं म्हणून त्याला रेखाटून घेतलं होतं. आणि आम्ही त्याला विचारत होतो की सोयरीक करू का.

"आण इकडं," मामंजी म्हणाले.

"ओला आहे अजून."

"आण."

त्यांनी कागद उन्हात धरला. भिंग वरून खाली फिरलं, पुन्हा वर गेलं, डोळ्यांपाशी थांबलं.

"मिटल्यात," ते म्हणाले. मग बोट हनुवटीशी नेलं. "हे काय बांधलंय?"

"फेटा असेल, मामंजी."

"फेटा असा बांधत नाय." मामंजींनी उभ्या हयातीत अनेकांना पोचवलं होतं, गल्लीत कुणी गेलं की पहिली हाक त्यांनाच यायची. "असं आपण माणूस गेल्यावर बांधतो. तोंड उघडं राहू नये म्हणून."

त्यांनी कागद मला परत दिला, पत्रा धुऊन मागितला आणि आत गेले. देव्हाऱ्याचं दार लावल्याचा आवाज आला. पत्र्यावर थोरल्यांचं तोंड नेहमी दाराकडे असायचं. कागदावर ते उलटून खिडकीकडे झालं होतं, जणू कूस बदलली. मी तो कागद कपाटावर पालथा ठेवला.

पुढे मामंजी ऑपरेशनचं नाव काढू देईनात. थोरल्यांनी डोळे मिटले म्हणजे नाही, आणि आता तर हातात पुरावा होता. आजवर निरांजन हलवून कधीतरी हो निघण्याची आशा होती. मी जाऊन नकार छापून आणला होता. नवरा म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, दादांना काही सांगू नकोस." मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मामंजी चमचा ताटाबाहेर टेकवायला लागले. एकदा देवाला फूल वाहताना त्यांनी ते निरांजनावर ठेवलं, आणि फूल जळाल्याचा वास आला तेव्हा त्यांना कळलं. ते ओशाळून हसले. ते हसणं मला सहन झालं नाही.

मग एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "सूनबाई, मी लय इचार केला. चूक त्यांची नाय. चूक आपली हाय."

"कसली चूक?"

"मेलेल्या माणसाचे डोळे मिटूनच ठेवतात. ते बरोबरच. पण मूर्ती देव्हाऱ्यात बसवताना तिचे डोळे उघडावे लागतात. आपल्या लोकांनी गेलेला माणूस उचलला, तसाच नेऊन देव्हाऱ्यात बसवला. पोचवला पण नाय आन्‌ डोळे पण उघडले नाय. मग तो काय सांगणार?" बशीतला चहा संपवून त्यांनी ती नीट खाली ठेवली. "आधी त्यांना पोचवू. मग तू त्यांचे डोळे उघड."

"मी?"

"सुई कुणाला धरता येते या घरात?"

मी नाही म्हणायला हवं होतं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही. मला समोर त्यांचा डोळा दिसत होता, तो एकच उरलेला. मी हो म्हटलं.

आम्ही तो छापलेला कागद घेऊन गोदाघाटावर गेलो. मामंजींनी पाण्यात उतरून तीळ सोडले, पाणी सोडलं, आणि कागद हलकेच पाण्यावर ठेवला. मला वाटलं भिजेल आणि बुडेल. पण तो चिंध्यांच्या लगद्याचा जाड कागद होता, तो बुडेना. मिटल्या डोळ्यांचं ते तोंड आभाळाकडे करून, सावकाश, पायऱ्यांच्या कडेकडेने पुढे गेलं. दोन बायका कपडे पिळायच्या थांबून बघत राहिल्या. कोण होतं, असं त्यांनी विचारलं नाही. मामंजींनी अंग पुसलं आणि म्हणाले, "गेले."

डोळे उघडायच्या दिवशी त्यांनी आपला दाढीचा आरसा आणून माझ्यापुढे उभा केला. मूर्तिकार डोळे उघडताना मूर्तीच्या समोर बसत नाही, पहिली नजर आरशावर पडली पाहिजे. एचिंगवाल्यालाही आरसा लागतोच, पत्र्यावरचं उलटं चित्र कागदावर सुलटं कसं दिसेल ते त्यात बघायचं असतं. मी मनाला बजावलं की आपण आपलं कामच करतोय.

पापणीचे केस आधी खरवडून काढले आणि ती जागा घोटून सपाट केली. तांबं मऊ असतं, मुकाट्याने सरकतं. मग सुई. मी शाळेत पोरांना आयुष्यभर डोळा काढायला शिकवला, डोळे झाकून काढेन. मला शांत, थोडेसे खाली झुकलेले डोळे काढायचे होते. मामंजी मागून म्हणाले, "चांगले खोल घे. घासून घासून पुन्हा जायला नको." म्हणून बुबुळांना अ‍ॅसिड दिलं, दोन वेळा दिलं, त्यात काळी शाई दाबून भरली आणि सुकू दिली. आता निरांजनाची गरज नव्हती. कुठल्याही उजेडात ते डोळे काळे आणि उघडे दिसणार होते. शेवटी मी आरशात बघितलं. बाकी चेहरा जवळजवळ पुसलेला, हनुवटीखालची पट्टी अंधूक, आणि त्यात ते दोन डोळे. मी ते खाली झुकलेले काढले होते, पण ते सरळ माझ्याकडे बघत होते. आरसा मी हलवला, तरीही.

कौल झाला. मामंजींनी ज्योत आणि भिंग दोन्ही थोरल्यांच्या तोंडाशी नेलं, डोळ्याची शस्त्रक्रिया करू का विचारलं, आणि एक मोठा निःश्वास टाकला. आठवडा उलटायच्या आत ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा ते डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही तर लय लहान पोरगी हाय." मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यातच नवऱ्याशी पुन्हा बोलायला लागले.

घरी आल्यावर काळा गॉगल काढून ते देव्हाऱ्यापुढे बसले. बराच वेळ बसले. मग मला हाक मारून म्हणाले, "हे पापणी लववत नाय."

"तांब्याचे आहेत, मामंजी."

"ते खरंय," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराने कधी पाहिले नव्हते. मामंजी रोज कौल घ्यायला लागले, आणि रोज हो. बाजारातून भजी आणू का? हो. जुना कोट काढून टाकू का? हो. एकदा त्यांनी विचारलं, मनमाडला जाऊ का? हो. आम्ही गेलो. आत्याबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, गव्हाचं ताट बाजूला सारलं आणि आमच्या इकडच्या अहिराणीत विचारलं, "भाऊ, तुले आते दिसस का?" मामंजी म्हणाले, "दिसस." मग दोघं म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून रडली. मी बाहेर रुळांकडे बघत उभी राहिले, कारण मलाही आवरेना.

हसायचे दिवस होते, पण मला झोप लागेना. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले की पाठीवर नजर वाटायची. देव्हाऱ्याचं दार लोटून घेतलं तरी ती कमी व्हायची नाही. आणि एके दिवशी पोळ्या लाटताना मला ते लख्ख कळलं. थोरल्यांकडे आता 'नाही' उरलेलं नव्हतं. पूर्वी हात खाली धरला की ते मिटायचे, भित्र्या माणसाला सांभाळून घ्यायचे. मी त्यांचे डोळे असे उघडले होते की ते मिटणार कधीच नव्हते. या घरात आता जो जे विचारेल त्याला हो मिळणार होतं. आणि मामंजी थकले होते. मनमाडहून आल्यापासून ते समाधानी आणि फार गप्प होते. कपाट आवरून ठेवलं होतं. जेवण निम्म्यावर आलं होतं. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "वयच आहे त्यांचं." पण मला ठाऊक होतं की ते एक प्रश्न मनात घोळवतायत, आणि थोरल्यांनी हो म्हटलं की हा माणूस ते मोडणार नाही. त्यांनी थोरल्यांचा शब्द कधीच मोडला नव्हता. मी फुलं देण्याच्या निमित्ताने रोज पूजेच्या वेळी जवळ उभी राहायला लागले.

तो दिवस उजाडलाच. त्यांनी धुवट धोतर नेसलं होतं. पडदे ओढले, निरांजन लावलं. देवांना हळदकुंकू वाहून झालं आणि ते उठून उभे राहिले. मागे वळून माझ्याकडे बघितलं, ओळखीचं हसले.

"थोरले," ते म्हणाले, "सगळं बघून झालं. भरपूर झालं. आता निघू का मी?"

आणि निरांजन डावीकडून वर यायला लागलं.

माझ्या हातातली परडी कधी पडली मला कळलं नाही. मी पुढे झाले आणि उजवा तळहात थोरल्यांच्या तोंडावर दाबून धरला. खाली तांबं कोमट होतं.

"हात काढ, सूनबाई."

"नाही."

"मी त्यांना इचारतोय."

"ऐकलं मी."

ते रागावले नाहीत. निरांजन त्यांनी तसंच धरलं आणि नेहमीच्या चालीने, सावकाश, माझ्या हातासमोरून डावीकडून उजवीकडे नेलं. बोटं, शिरा, बांगडी, सगळ्यावरून उजेड गेला. ते डोळा लावून बघत होते. उजेड टोकाला गेला आणि थांबला.

"नाही म्हणतायत," मामंजी म्हणाले. निरांजन ताम्हणात ठेवलं, पडदे उघडले, आणि चहा टाक म्हणाले.

मी तिथूनच नवऱ्याला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मामंजी खुर्चीत बसून बशीत ओतून ओतून तो प्याले. त्यांचा चहा संपला, पेपर उघडला, तरी मी देव्हाऱ्यापुढेच उभी होते. हात काढायची माझी छाती होत नव्हती.